पांढरी एक, काळी चार आणि एक तारीख

वीकेंडला घरच्या घरी पियानो क्लास काढायचा, असा किडा तुमच्याही डोक्यात वळवळतोय का? पुणे-लोणावळा लोकलच्या रुळांशेजारी, कान्ह्यातल्या एका वन-बीएचकेमध्ये चालणाऱ्या क्लासची ही आतली गोष्ट. हिशेबासकट!

जुलैतला शनिवार. पाऊस असा कोसळतोय की समोरची भातखाचरं दिसेनाशी झालीयत. मी सकाळपासून पियानोवरची धूळ तिसऱ्यांदा पुसून झालीय आणि मोबाइल टुणटुणतोय. नऊचा विद्यार्थी : ‘टीचर, सर्दी झालीये.’ पावणेदहाचा : ‘मॅडम, लोकल लेट आहे, आज राहू दे.’ साडेदहाची : मेसेजच नाही. संध्याकाळपर्यंत अकरापैकी दोघं आले. त्यातला एक चुकून आला होता, त्याची वेळ रविवारची होती!

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी दर क्लासचे चारशे रुपये घ्यायचे. आला तर पैसे, नाही आला तर नाही. एकदम फेअर, नाही का? अकरा जण, महिन्याचे चार क्लास, म्हणजे 17,600 रुपये, असं मी एप्रिलमध्ये डायरीत लिहून खाली दोन रेघासुद्धा मारल्या होत्या. जुलैत प्रत्यक्षात क्लास झाले तेरा. हातात आले 5,200. घरभाडं साडेसात हजार आणि पियानोचा हप्ता 4,650. त्या महिन्यात हप्ता बाउन्स झाला आणि बँकेतल्या मुलीने फोनवर इतक्या गोड आवाजात ‘मॅम, काही प्रॉब्लेम आहे का?’ विचारलं, की मला रडूच फुटलं.

थोडं बॅकग्राउंड. मी मास कॉम केलं, दोन वर्षं नोकरी केली आणि मग फ्रीलान्स लिहायला लागले. लेख छापून येतो, आई कात्रण काढून ठेवते, आणि चेक मात्र तीन महिन्यांनी येतो. पुण्यातलं भाडं झेपेना म्हणून लोकलचा नकाशा समोर घेऊन एकेक स्टेशन पुढे सरकत गेले. तळेगाव, वडगाव... आणि वडगावच्या पुढचं, कामशेतच्या अलीकडचं कान्हे. जुन्या मुंबई-पुणे हायवेवरचा कान्हे फाटा अनेकांना माहीत असतो. तिथून टाकव्याकडे, आंदर मावळात रस्ता जातो. एकीकडे कंपन्यांच्या शिफ्टच्या बसेस, दुसरीकडे इंद्रायणी तांदळाची शेतं, आणि मधे नव्या सोसायट्या. या सोसायट्यांमध्ये शाळकरी पोरं भरपूर आणि संध्याकाळी त्यांना करायला काही नाही. लहानपणी मी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे आठ वर्षं पियानो शिकले होते. जमलं की गणित, असं मला वाटलं.

जमलं नाही. आणि का नाही जमलं, हे कळायला मला तो जुलै लागला.

विद्या विकतेस?

आपल्याकडे शिकवण्याचे पैसे मागताना जीभ अडखळते. ‘फीचं काय?’ असं पालकांनी विचारलं की मी म्हणायची, ‘अहो, बघू, होईल काहीतरी.’ माझ्या मावशीने तर सरळच विचारलं होतं, ‘म्हणजे विद्या विकतेस?’

मावशीला उत्तर द्यायचं म्हणून मी विष्णू दिगंबर पलुस्करांबद्दल वाचायला घेतलं. कुरुंदवाडला 1872 मध्ये जन्मलेले, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गुरूच्या घरी राहून शिकलेले हे गायक. गुरूची सेवा करायची, तो देईल तेव्हा शिकायचं, अशा काळातला माणूस. त्यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपीची पुस्तकं, परीक्षा. मैफलींनाही तिकीट लावलं. राजेरजवाड्यांच्या मर्जीवर जगणारी कला त्यांनी घड्याळ आणि तिकीट यांच्या हवाली केली, आणि त्यामुळेच मध्यमवर्गातली मुलंमुली उजळ माथ्याने गाणं शिकायला जाऊ लागली. पुण्यातलं गांधर्व महाविद्यालय 1932 मध्ये सुरू केलं, ते त्यांचेच शिष्य विनायकबुवा पटवर्धनांनी.

त्यांच्याच गोष्टीत एक दुसरा भागही आहे, तो मला जास्त टोचला. मुंबईत त्यांनी कर्ज काढून विद्यालयाची इमारत उभी केली. कर्ज फेडायला गावोगाव मैफली करत फिरले. शेवटी 1920च्या दशकात ती इमारत कर्जापायी गेली. एवढा मोठा माणूस! तर सांगायचा मुद्दा काय, की क्लास सुरू करायच्या आधीच हप्ता सुरू करू नका. मी केला.

एक कागद

ऑगस्टमध्ये मी एका रात्री बसून एक पान लिहिलं. मराठीत, साध्या भाषेत. आज कुणी मला विचारलं की क्लासमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कुठली, तर मी पियानोच्या आधी हे पान दाखवेन.

त्यातला मुख्य फंडा असा. फी क्लासची नाही, जागेची. शनिवारी साडेचार ते सव्वापाच ही वेळ तुमच्या मुलीची. ती आली नाही तर त्या वेळेत मी दुसऱ्या कुणाला शिकवू शकत नाही. म्हणून वर्षाचे क्लास मोजायचे. 52 आठवड्यांतून गणपती, दिवाळी, मे महिन्यातली सुट्टी आणि माझं आजारपण असे आठ काढले, उरले 44. एका क्लासचे 450 धरले तर वर्षाचे 19,800. त्याला बारांनी भागलं, महिना 1,650. दिवाळीच्या महिन्यातही तेवढेच, पाच शनिवार आले तरी तेवढेच. महिन्याच्या एक तारखेला, आगाऊ.

तुम्ही म्हणाल, आठच्या आठ आठवडे सुट्टी? हो. पहिल्या वर्षी मी एकही ठेवली नव्हती आणि गणपतीत ‘उद्या क्लास आहे का हो?’ या प्रश्नाला बावीस वेळा उत्तर दिलं होतं.

बुडालेल्या क्लासचं काय? इथे सगळ्यांची विकेट जाते. मीही आधी प्रत्येकाला ‘भरून देते’ म्हणायचे, आणि मग माझा बुधवारही जायचा, गुरुवारही जायचा. आता नियम असा : मी रद्द केला तर मी भरून देणार. तुम्ही रद्द केला तर नाही. फक्त एक सवलत, महिन्यातल्या शेवटच्या रविवारी दोन तास मोकळे ठेवते, ज्याचा क्लास गेला असेल त्याने त्यात नाव लिहायचं. पहिले येतील त्यांना. पावसामुळे लोकल बंद पडल्या तर त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं. व्हिडिओवर नवीन काही शिकवता येत नाही, असं माझं मत आहे, पण घरी काय वाजवलं जातंय ते कळतं. कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्तच कळतं! मागे टीव्ही चालू असतो.

क्लास सोडायचा तर एक महिना आधी सांगायचं. हे पान मी दोन प्रतींत छापलं, एकावर पालकांची सही घेतली. अकरापैकी तिघांनी सोडलं. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, ‘आम्हाला वाटलं तुम्ही हौस म्हणून करता.’ आठ उरले, म्हणजे 13,200. जुलैच्या अडीचपट! आणि गंमत म्हणजे, पुढच्या पावसाळ्यात सर्दीचं प्रमाण कमालीचं घटलं. आगाऊ फी भरली की पोरांना सर्दी होत नाही, असा माझा शोध आहे.

सरकारी बाजू थोडक्यात. सेवा व्यवसायाला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे आपल्यासारख्यांनी तिकडे बघायचंही कारण नाही. पण मिळकत रिटर्नमध्ये दाखवायचीच. नोकरी करत असाल तर तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये दुसऱ्या कामाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. बऱ्याच जणांनी ते कधी वाचलेलंच नसतं. क्लाससाठी एक वेगळं बँक खातं ठेवा. भाजीचे आणि फीचे पैसे एकत्र झाले की हिशेब संपलाच.

पेटी की पियानो?

आता वाद्य. ‘मॅडम, खरा पियानो नाहीये?’ असं पहिल्या दिवशी एकदा तरी ऐकावं लागतं. खरा म्हणजे तारांचा. साधा अपराइट घेतला तरी वजन दोनशे किलोच्या वर. आत दोनशेहून जास्त तारा, त्यांचा मिळून ताण कित्येक टनांचा. तो ताण लोखंडी चौकट पेलते, पण साउंडबोर्ड लाकडी असतो आणि लाकूड म्हटलं की पाणी आलंच. हवेत ओल वाढली की लाकूड फुगतं, सूर चढतो, आणि कोरडं पडलं की उतरतो. मावळातल्या चार महिन्यांत भिंतीला बुरशी येते, चामड्याच्या बुटाला येते, तिथे पियानोची काय कथा. वर ट्यूनर पुण्याहून बोलवायचा. तिसऱ्या मजल्यावर चढवायचा खर्च वेगळाच.

म्हणून डिजिटल. पण कीबोर्ड नाही, डिजिटल पियानो. दोन्हींत फरक आहे. 88 पट्ट्या, पूर्ण आकाराच्या, आणि दाबताना वजन लागणाऱ्या, म्हणजे ‘वेटेड हॅमर अ‍ॅक्शन’. यामाहा, कॅसिओ, रोलँड, कुणाचाही घ्या. नवा साधारण चाळीस ते साठ हजारांच्या आसपास मिळतो. 61 पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर शिकलेलं पोर खऱ्या पियानोवर बसलं की बोटं दमतात, आणि हळू-जोरात हा फरक हाताला माहीतच नसतो. पण घरी सरावाला सुरुवातीचं वर्ष-सहा महिने तो चालतो. निदान दाबाला प्रतिसाद देणारा, टच सेन्सिटिव्ह घ्या, एवढं पालकांना आवर्जून सांगा. नाहीतर ते कौतुकाने खेळण्यांच्या दुकानातून पियानो आणतात.

मी पियानो खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला लावलाय. पावसाळ्यात कव्हर आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. आणि आमच्याकडे गुरुवारी लाइट जायची शक्यता जास्त, दुरुस्तीची कामं त्या दिवशी काढतात. त्यामुळे गुरुवारी क्लास नाही. विजेवर चालणाऱ्या वाद्याला ही एक अक्कल लागते.

खुर्ची हा विषय कुणी गांभीर्याने घेत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलेल्या सात वर्षांच्या मुलाचे पाय हवेत लोंबकळत असतात, मग तो पाठ वाकवतो, मग खांदे वर जातात. उंची कमीजास्त होणारं स्टूल घ्या, कोपर पट्ट्यांच्या पातळीला आलं पाहिजे. आणि पायाखाली? माझ्याकडे आजीचे दोन जेवणाचे पाट आहेत. एकावर एक ठेवले की झकास काम होतं.

थर्ड शिफ्टवाले काका

खालच्या फ्लॅटमधले काका टाकव्याच्या एका कंपनीत आहेत. थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी येतात आणि दुपारपर्यंत झोपतात. मला हे माहीत नव्हतं. मी हेडफोन लावून सकाळी प्रॅक्टिस करत होते, माझ्या मते एकदम शांततेत. तिसऱ्या दिवशी काकू वर आल्या. ‘अगं, वर काय कुटतेस?’

तर, हेडफोन लावला तरी पट्ट्या खाली आपटल्याचा ठक-ठक आवाज स्टँडच्या पायांतून स्लॅबमध्ये जातो. वरच्याला पत्ता नसतो, खालच्याच्या डोक्यात हातोडे. स्टँडच्या चारही पायांखाली जाड रबर, त्याखाली सतरंजी दुहेरी करून, एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा वेळापत्रकाने. मी काकांच्या शिफ्टचा तक्ता मागून घेतला आणि फ्रिजला चिकटवला. औद्योगिक पट्ट्यात राहून क्लास काढणार असाल, तर तुमच्या बिल्डिंगमध्ये दिवसा कोण झोपतं, याची चौकशी विद्यार्थ्यांच्या आधी करा. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहाबद्दल बोलतात, निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे वगैरे सगळं खरं. पण काकूंसमोर नियम वाचून दाखवायचे नसतात. काकूंना गणपतीत आरती वाजवून दाखवायची असते.

सोसायटीकडून लेखी परवानगी मात्र घ्याच. एका वेळी एकच विद्यार्थी, पाटी नाही, पार्किंग नाही, असं लिहून दिलं की कमिटी फारशी खळखळ करत नाही. शिकवताना दार उघडं ठेवा, पालकांना बसायचं असेल तर खुशाल बसू द्या. आणि मुलांचे रील्स टाकायचा मोह होतो, मला माहितेय, पण पालकांना विचारल्याशिवाय चेहरा दिसेल असं काही नाही.

डावा हात कुठेय?

आता खऱ्या शिकवण्याकडे येऊ. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पिढ्यान्‌पिढ्या स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं गेलं, आणि तिथले वादक मुंबईत येऊन सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले, घरी शिकवण्या करू लागले. त्यातलेच अँथनी गोन्साल्विस. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि 1977च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये गुरूचं नावच गाण्यात घालून मोकळे झाले! ती परंपरा वेगळी. आमच्या मावळातल्या घरात मात्र पियानोच्या आधी पेटी आलेली असते. भजनी मंडळात आजोबा, शाळेत संगीताच्या बाई. पोर पहिल्या दिवशी येतं तेच उजव्या हाताने सा रे ग म वाजवत.

मला माझ्या बाईंनी शिकवलं होतं, तसंच मी शिकवायला गेले. ‘हे सगळं विसर, हा मिडल सी.’ चूक! सहा महिने वाया. पेटीवाल्याचा उजवा हात तयार असतो, कान तयार असतो, फक्त डावा हात भाता ओढण्यात आयुष्य काढून आलेला असतो. त्याला बोटं आहेत हेच त्याला माहीत नसतं. मग मी उलट करून बघितलं. पहिला महिना या मुलांना डावा हातच. अगदी कंटाळा येईपर्यंत. उजव्याने त्यांनी आजोबांचं भजन वाजवायचं आणि डाव्याने खाली एकच स्वर धरून ठेवायचा, तंबोऱ्यासारखा. मग दोन. मग तीन, म्हणजे कॉर्ड झाली की राव!

आणि पालकांशी बोलताना ‘मिडल सी’ म्हणू नका, ‘पांढरी एक’ म्हणा. सी शार्प म्हणजे काळी एक, जी शार्प म्हणजे काळी चार. गाणाऱ्या माणसाला काळी चार म्हटलं की डोळ्यांत चमक येते. आजोबा क्लासचे सगळ्यात मोठे समर्थक होतात, आणि घरी सराव कोण करून घेतं? आजोबाच.

सरावाबद्दल एकच सांगते. रोज पंधरा मिनिटं, रविवारी दोन तास नव्हे. वहीत प्रत्येक क्लासच्या शेवटी तीनच गोष्टी लिहून द्या. ‘छान प्रॅक्टिस कर’ असं लिहू नका. ‘तिसरी ओळ, डावा हात एकटा, हळू, पाच वेळा’ असं लिहा. सात-आठ वर्षांपर्यंत अर्धा तासाचा क्लास पुरे, पुढे पंचेचाळीस मिनिटं.

मोठी माणसं हा वेगळाच प्रकार. माझ्याकडे एक इंजिनीअर आला, त्याला बायकोच्या वाढदिवसाला एकच गाणं वाजवायचं होतं. असे ‘एका गाण्याचे’ विद्यार्थी घ्यावेत, असं माझं मत. स्वच्छ करार असतो. बाकी तुमच्या-माझ्या वयाचे नोकरदार साधारण तिसऱ्या महिन्यात गळतात, नेमके दोन्ही हात एकत्र यायच्या वेळी. कारण ऑफिसमध्ये आपण हुशार असतो, आणि इथे शेजारच्या खुर्चीवरची सहा वर्षांची पोर आपल्यापेक्षा बरी वाजवत असते. त्यांना तिसऱ्या महिन्यात मुद्दाम सोपं काहीतरी द्यायचं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर तीन विद्यार्थी वाचले असते.

पुस्तकांच्या झेरॉक्सबद्दल. आपल्याकडे संगीतकार गेल्यावर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे बाख, बीथोव्हेन, शोपँ यांच्या रचना मोकळ्या आहेत. त्यांच्या जुन्या प्रती इंटरनेटवर कायदेशीर मिळतात. नव्या छापील आवृत्त्यांना मात्र स्वतंत्र हक्क असतात आणि परीक्षेची पुस्तकं तर विकतच घ्यावी लागतात.

प्लायवूडचा पियानो

माझ्या त्या पानावर एक नियम असा होता : घरी वाद्य नसेल तर प्रवेश नाही. लिहिताना मला तो फार प्रोफेशनल वाटला होता. पंधरा दिवसांत टाकव्याहून एक वडील नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. कंपनीत फिटर. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिने कीबोर्ड बघितला होता, तेव्हापासून डोकं खात होती. मी पान पुढे केलं. त्यांनी शांतपणे पूर्ण वाचलं आणि म्हणाले, ‘मॅडम, फी देईन. वाद्य आत्ता नाही जमणार.’ मग विचारलं, ‘मी जरा माप घेऊ का?’ खिशातून टेप काढली आणि पट्ट्या मोजल्या. पांढऱ्या पट्टीची रुंदी, काळीची उंची, सा ते वरचा सा साडेसोळा सेंटिमीटर. पुढच्या शनिवारी मुलगी प्लायवूडचा तीन सप्तकांचा पियानो घेऊन आली. काळ्या पट्ट्या काळ्या रंगवलेल्या, कडा पॉलिश पेपरने घासलेल्या.

माझा नियम तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, हे सांगायला हवं. त्या फळीवर बोटांचे आकडे पक्के होतात, कान होत नाही. चुकलेलं कळतच नाही. पण नियम मोडायचा नसेल तर वाकवायचा कसा, हे मला ठरवावं लागलं. पानावर एक ओळ वाढवली : ज्यांच्या घरी वाद्य नाही त्यांना आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच ते साडेपाच, इथे हेडफोन लावून सराव करता येईल. ती वाजवते, मी स्वयंपाकघरात बसून लेख लिहिते. हाही लेख तसाच लिहिलाय. फीमध्ये एक सवलतीची जागा ठेवली, अर्ध्या फीची, एका वेळी एकच, आणि तीही ठरवून, लिहून. नुसती बुडालेली फी म्हणजे सवलत नव्हे, दोन्हींत मी पूर्वी गल्लत करायचे. त्या वडिलांनी ती जागा घेतली नाही, हा भाग वेगळा. पूर्ण फी एक तारखेला येते, कधीकधी एकतीसलाच. सहा महिन्यांनी ‘एका गाण्याच्या’ इंजिनीअरने स्वतःला डिजिटल पियानो घेतला आणि त्याचा जुना कीबोर्ड टाकव्याला गेला.

परीक्षांबद्दल तुम्हाला पालक विचारणारच. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या दोन संस्था आपल्याकडे चालतात. दोघांच्याही इनिशियल आणि मग आठ ग्रेड्स. एबीआरएसएममध्ये सहाव्या ग्रेडच्या आधी थिअरी किंवा तिच्या बदल्यातली एखादी पाचवी ग्रेड पास लागते, ट्रिनिटीत तशी अट नाही. 2020 पासून दोघांनीही व्हिडिओ पाठवून द्यायची परीक्षा आणली, आणि कान्ह्यासारख्या ठिकाणी खरा फरक त्याने पडला. पुण्याला जायचं नाही, लोकल चुकायची नाही. पण एक सांगू? सगळ्यांना परीक्षेला बसवू नका. वर्षभर तीनच पीसेस घोटून सर्टिफिकेट मिळालेली आणि वाढदिवसाचं गाणंही न येणारी मुलं मी बघितलीयत. गणपती हीच आमची मुख्य परीक्षा. सोसायटीच्या मांडवात प्रत्येकाने एक तरी वाजवायचं. कुणी आरती, कुणी बाख.

टाकव्याच्या मुलीला मात्र परीक्षाच द्यायची होती. इनिशियल ग्रेड, एबीआरएसएमची. चार पीसेस सलग, एकच व्हिडिओ, मधे कापाकापी चालत नाही. पहिल्या टेकला तिसऱ्या पीसमध्ये एक्स्प्रेसचा भोंगा. दुसऱ्याला कुकरची शिट्टी, काकूंच्या. तिसऱ्याला लाइट गेली, आणि तो गुरुवारही नव्हता! चौथा टेक संध्याकाळी सहाला झाला. वडील मोबाइल धरून इतके स्तब्ध उभे होते की मला त्यांच्या श्वासाची काळजी वाटली.

निकाल आला, 150 पैकी 118. शंभरला पास, 120ला मेरिट. वडिलांनी कागद दोनदा वाचला. ‘मॅडम, हे दोन कुठे गेले?’ आम्ही तिघांनी बसून परीक्षकाचा शेरा शब्दाशब्दाने लावला. डावा हात थोडा जड पडतो, असा त्याचा अर्थ निघाला. त्यांनी तो वहीत तिच्याकडून मराठीत लिहून घेतला.

आत्ता माझ्याकडे बारा जण आहेत, म्हणजे महिना 19,800. पियानोचे हप्ते संपलेत. लेखांचे चेक अजूनही तीन महिन्यांनी येतात, त्यावर काही उपाय सापडलेला नाही. शनिवारचा साडेचारचा स्लॉट पुढच्या महिन्यात रिकामा होतोय, वाढदिवस होऊन गेला त्यांचा. कुणाला हवा असेल तर आधी पान वाचायला या. लोकलने येत असाल तर पाऊस बघून निघा.